मामीच्या घरची मुलगी

जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी ह्या दोन्ही नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत चढले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कपाटातील जी पुस्तके पूर ओसरल्यावर चिखलातून हाती लागली, त्यांत शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ ह्या कादंबरीची, माझ्या विद्यार्थिदशेपासून जवळ असलेली प्रत होती. पुठ्ठा फुगलेला, पाने एकमेकांना चिकटलेली, समासात शाईने लिहिलेली माझी सारी टिपणे निळ्या डागांत विरून गेलेली, आणि पुस्तक मिटले असता तिन्ही कडांनी फिरलेली गाळाची तपकिरी रेषा, गावातल्या भिंतींवर उमटली होती अगदी तशीच. मी ती प्रत उन्हात वाळवली आणि एकेक पान सुरीच्या बोथट पात्याने सोडवले. जे पुस्तक मी आयुष्यातील कित्येक वर्षे वर्गात शिकवले, ते शिकवीत असताना मला अर्धेमुर्धेच समजलेले होते, ही जी जाणीव त्याच्या आधी दोनएक वर्षे मनात घर करून होती, ती त्या सुट्या पानांवरून पुन्हा नजर फिरवताना अगदी स्पष्ट झाली.

ती जाणीव मला दिली पोलादपूरच्या एका मुलीने. नोकरीतून मोकळी झाल्यावर मी रविवारी सकाळच्या एस. टी.ने पोलादपूरला जात असे, आणि सावित्रीच्या वरच्या खोऱ्यातील वाड्यावस्त्यांवरून शिक्षणासाठी खाली आलेल्या, कुणी मामाकडे, कुणी मावशीकडे, तर कुणी वसतिगृहात राहणाऱ्या पाचसहा मुलींना जवळ बसवून ही कादंबरी सावकाश, वाक्यावाक्याला थांबत, वाचून दाखवीत असे. परीक्षा नव्हती, म्हणून घाई नव्हती. पहिल्या प्रकरणात बाहेर थंड पाऊस लागलेला असतो. दहा वर्षांची जेन खिडकीच्या कोनाड्यात तांबडा पडदा ओढून पक्ष्यांचे पुस्तक पाहत बसलेली असते. चौदा वर्षांचा जॉन रीड तिला शोधून काढतो, आमच्या पुस्तकांना हात लावायचा तुला हक्क नाही, तू आमच्या अन्नावर वाढतेस, असे बजावतो आणि तेच पुस्तक तिच्या अंगावर भिरकावतो. मी नेहमीच्या सवयीने सांगू लागले, की हे घर तिच्या ‘आंटी’चे. तेव्हा मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, “बाई, आंटी म्हणजे नक्की कोण? मामी, का काकू, का आत्या?”

मला पाने उलटून पाहावी लागली. रीड हा जेनच्या आईचा सख्खा भाऊ. बहिणीच्या पोरक्या लेकीला त्याने घरी आणले, आणि मरताना बायकोकडून तिला पोटच्या पोरीप्रमाणे वाढवण्याचे वचन घेतले. “म्हणजे मामीच,” ती मुलगी म्हणाली, “आणि मामा गेलेला.” एवढे बोलून ती गप्प झाली, बाकीच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिले, आणि पुढचा अर्धा तास मला एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही.

इंग्रजी भाषेने एका शब्दात गुंडाळून टाकलेली ही नाती मराठीत उलगडून पाहिली, की कादंबरीचा सांगाडाच निराळा दिसू लागतो, असे माझे मत आहे, आणि ते केवळ भाषाभिमानापोटी झालेले नाही. मामाचे घर हे मराठी मुलाच्या कल्पनासृष्टीतील परमसुखाचे ठिकाण होय. सुट्टी, आंबे, लाड आणि आजीची मांडी ह्या साऱ्यांचा तो पत्ता. त्या घरातून मामा वजा केला, की उरते ती मामी, जिचे भाचीशी रक्ताचे नाते नाही, जिच्यावर ही जबाबदारी मरणाऱ्या माणसाच्या शब्दाने लादलेली आहे, आणि जिच्या स्वतःच्या मुलांच्या वाट्याचे अन्न ही परकी पोर खाते. मिसेस रीड ही दुष्ट स्त्री आहे असे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून मी हजार वेळा वाचले असेल; ती वचनाने बांधली गेलेली मामी आहे, हे एकाही उत्तरात वाचले नाही, कारण मीच ते कधी शिकवले नव्हते. पुढे मदीरा बेटावरून ज्याची संपत्ती येते तो जॉन एअर म्हणजे जेनचा काका. आणि माळरानावर उपाशी, भिजलेली अशी ती ज्यांच्या दारात कोसळते ती रिव्हर्स भावंडे म्हणजे तिच्या आत्याची मुले. मामेघर, काका, आत्याचे घर, अशी ही तीन ठाणी. इंग्रज वाचकाला हे सारे ‘अंकल’, ‘आंट’ आणि ‘कझिन’ एवढ्या तीन शब्दांत भागवावे लागते. पोलादपूरच्या मुलीला त्यांतील प्रत्येक नात्याची किंमत, त्याचे मानपान आणि त्याचा जाच ठाऊक असतो.

ही कादंबरी ऑक्टोबर १८४७ मध्ये ‘करर बेल’ ह्या पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावाने प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून बहुतेक ठिकाणी, आपल्याकडे तर सर्रास, ती प्रेमकथा म्हणून वाचली जाते. कुरूप पण मनस्वी नायिका, गूढ मालक, माळ्यावरचे हास्य, मोडलेले लग्न आणि शेवटी मीलन: मार्गदर्शकांतून आणि तयार टिपणांतून विद्यार्थ्यांच्या हाती एवढेच पडते, आणि मूळ पुस्तक न उघडता त्यांची परीक्षा सुखरूप पार पडते. मला म्हणायचे आहे ते असे, की ही मूलतः प्रेमाची नव्हे, आश्रिताची कथा आहे. उपकार करणाऱ्याला उपकृताच्या जिवावर मालकी मिळते काय, ह्या एकाच प्रश्नाची ती चारशेपाचशे पानांची उलटतपासणी आहे, आणि प्रेम हे त्या उलटतपासणीतील सर्वांत कठीण साक्षीदार आहे.

आश्रित हा शब्द आपल्याकडे जुना आणि परिचित आहे. मागच्या पिढ्यांत गरीब घरचा हुशार मुलगा शहरात वार लावून शिके; सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी अशी सात घरची पाने मांडली जात, आणि वाढणाऱ्या हाताच्या हिशेबाने भाताची मूद लहानमोठी होई. अपमान त्यातही होता, नाही असे नाही. परंतु त्या अपमानाच्या दुसऱ्या टोकाला मामलेदार कचेरीतील कारकुनी, शाळामास्तरकी, क्वचित वकिलीची सनद उभी असे. त्याच घरांत स्वयंपाकघराच्या अंधारात राबणारी दूरची पोरकी भाची किंवा लाल आलवणातील विधवा आत्याही आश्रितच होती. पण तिच्या अपमानाला दुसरे टोकच नव्हते. तिच्या श्रमाला मजुरी नव्हती, कारण ती ‘घरची’ होती. आणि तिच्या शब्दाला वजन नव्हते, कारण ती घरची नव्हती.

‘अनाथ’ हा शब्दही ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पोरका म्हणजे ज्याचे आईबाप गेले तो; अनाथ म्हणजे ज्याला नाथ नाही, धनी नाही तो. म्हणूनच धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९६ साली पुण्यात जी संस्था काढली आणि जी पुढे हिंगण्याला नेली, तिचे नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ असे असूनही ती प्रामुख्याने विधवांसाठी होती. बालविधवा आणि पोरकी मुलगी ह्या दोघींना आपल्या भाषेने एकाच शब्दात बसवले, कारण पुरुषाची मुखत्यारी नसलेली स्त्री ही भाषेच्या हिशेबी एकच वस्तू होती. जेन एअर अनाथ आहे ती ह्या पूर्ण अर्थाने. आणि कादंबरीचे धाडस असे, की तिला सनाथ करण्याचे जे जे प्रस्ताव येतात, मामीकडून, शाळेच्या धर्मनिष्ठ चालकाकडून, मालकाकडून आणि शेवटी आतेभावाकडून, ते ते सारे ती तपासते, आणि त्यांतील मालकीहक्काचे कलम दिसताच परत करते.

तिचे हत्यार कोणते? पगार. हे सांगताना काही सुसंस्कृत वाचकांना अवघडल्यासारखे होते, पण कादंबरीत आकडे उघड लिहिलेले आहेत. लोवूडच्या शाळेत शिक्षिका म्हणून वर्षाला १५ पौंड. मग वृत्तपत्रात स्वतः जाहिरात देऊन, उत्तरे स्वतः टपालकचेरीत जाऊन घेऊन, थॉर्नफील्डच्या वाड्यावर मिळवलेली नेमणूक, तिचे ३० पौंड. शार्लटला हे आकडे पुस्तकातून काढावे लागले नाहीत. १८३९ मध्ये आणि पुन्हा १८४१ मध्ये ती स्वतः परक्या घरांत मुले शिकवायला राहिली होती. दुसऱ्या ठिकाणचा मुशाहिरा म्हणायला २० पौंड होता, पण धुलाईपोटी कापून हाती जेमतेम सोळा येत. घरात राहणाऱ्या ह्या शिक्षिकेला मराठीत नेमका शब्द नाही. पंतोजी म्हणावे, तर तो पुरुष आणि संध्याकाळी आपल्या घरी जाणारा. दाई म्हणावे, तर ती नोकरवर्गातली. ही बाई मालकांच्या पंगतीला बसत नाही आणि नोकरांच्याही नाही; ती शिकलेली असते मालकिणीइतकी, आणि पगार घेते स्वयंपाकिणीसारखा. तरीही तो पगार, कापून उरलेले का होईनात, तिचे स्वतःचे पैसे असतात, आणि मामीच्या घरच्या अन्नापेक्षा ते निराळ्या जातीचे असतात.

ह्याची खरी कसोटी लागते ती लग्न ठरल्यानंतर. थॉर्नफील्डचा मालक रॉचेस्टर जेनला शहरातील रेशमी कापडाच्या दुकानात घेऊन जातो आणि एकामागून एक भारी कपडे निवडू लागतो. तिला ते असह्य होते, ती सहांवरून दोनांवर आणते, आणि घरी येताना त्याला सांगते, की लग्नानंतरही मी तुमच्याकडे वाढणाऱ्या मुलीची शिक्षिका म्हणूनच काम करीन आणि माझे ३० पौंड घेईन. हा प्रसंग मी वर्गात नेहमी दोन वाक्यांत उरकीत असे. पोलादपूरच्या मुलींना त्याचे काहीही स्पष्टीकरण लागले नाही. बस्ता बांधायला महाडच्या पेठेत गेलेल्या नवरीच्या घरच्यांना, दुकानदारापुढे, पैसे देणाऱ्या बाजूच्या माणसांनी कसे गप्प बसवले, ते त्यांतील दोघींनी पाहिलेले होते. त्याच दिवशी जेनच्या मनात येते, की आपले स्वतःचे थोडे जरी असते तर हे सोसावे लागले नसते, आणि ती मदीराच्या काकाला पत्र टाकते. त्या पत्रामुळेच काकाला लग्नाची वार्ता कळते, रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत असल्याची हकीकत उघडकीस येते आणि लग्न मांडवातून मोडते. मला हा कथानकाचा दुवा फार मोलाचा वाटतो: जेनला वाचवणारे ते पत्र शीलरक्षणाच्या भीतीतून लिहिलेले नाही, रेशमी कापडाच्या दुकानात वाटलेल्या लाजेतून लिहिलेले आहे.

समकालीन टीकाकारांना ह्यातला धोका बरोबर कळला होता. डिसेंबर १८४८ च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त एलिझाबेथ रिग्बी ह्यांनी निनावी परीक्षण लिहून असा आरोप केला, की ज्या मनोवृत्तीने युरोपात सिंहासने उलथवली आणि इंग्लंडात कामगारांच्या सनदी चळवळीला खतपाणी घातले, त्याच मनोवृत्तीने ही कादंबरी लिहिली आहे, गरिबाने आपल्या गरिबीबद्दल कुरकुर करणे म्हणजे ईश्वरी योजनेविरुद्ध कुरकुर करणे होय. एका घरगुती शिक्षिकेच्या आत्मकथनात राज्यक्रांती दिसावी, ह्याचे मला पूर्वी आश्चर्य वाटे. आता वाटत नाही. आणि त्याचे कारण मी ज्या गावात राहते ते आहे.

महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या सत्याग्रह परिषदेतील भाषणात त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. तळे नगरपालिकेचे, सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच झालेला, महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केलेला, तरीही दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम डिसेंबरात आडवा आला, आणि निकाल उच्च न्यायालयातून लागायला १९३७ साल उजाडले. प्रश्न पाण्याचा होता, पण केवळ पाण्याचा नव्हता. ज्याला तुम्ही हवे तेव्हा राबवून घेता, त्याला तुमच्यासारखेच माणूस मानायचे की नाही, हा तो प्रश्न होता. त्या लढ्याच्या प्रमुख संघटकांपैकी रामचंद्र बाबाजी मोरे ह्यांना तर लहानपणी शिष्यवृत्ती मिळूनही ह्याच गावच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी येथे मनुस्मृती जाळण्यात आली, आणि त्या ग्रंथात स्त्रीसाठी बालपणी पिता, तारुण्यात पती व वार्धक्यात पुत्र असे तीन नाथ नेमून दिलेले आहेत, हे येथे विसरून चालणार नाही. परिषदेनंतर आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले, आणि मुलींना शिकवण्याचा आग्रह त्यांनी धरला. ज्या गावात तो ग्रंथ जाळला गेला, त्या गावात ‘जेन एअर’ ही प्रेमकथा म्हणून शिकवली जावी, आणि ती शिकवणारी मी असावी, ह्याचा मला मनापासून खेद आहे.

सेंट जॉन रिव्हर्सकडे आता वळते, कारण तेथे ही कथा खरोखरच आमच्या दिशेने येते. जेनचा हा आतेभाऊ मिशनरी होऊन हिंदुस्थानात निघालेला आहे; तो तिला जर्मन भाषा सोडून हिंदुस्थानी शिकायला लावतो आणि काही महिन्यांनी लग्न करून बरोबर चल म्हणतो. ही कविकल्पना नव्हे. आमची सावित्री महाबळेश्वराहून निघून पोलादपूर, महाड अशी खाली उतरत जेथे समुद्राला मिळते, त्या बाणकोटला स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक १८२३ मध्येच येऊन राहिले होते आणि त्यांनी तेथे शाळा काढल्या होत्या. जेन प्रत्यक्षात असती आणि हो म्हणाली असती, तर ती कदाचित ह्याच पाण्याच्या काठी येऊन उतरली असती, असे मी मुलींना सांगितले. त्यांना मात्र त्याहून निराळीच गोष्ट दिसली. “बाई, आतेभाऊ आणि मामाची मुलगी. हे तर नात्यातलं स्थळ झालं. आमच्यात असंच करतात.”

हे अक्षरशः खरे आहे. मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क, ही महाराष्ट्रातील अनेक जातींची जुनी वहिवाट. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात तिची चिकित्सा केलेली आहे. म्हणजे इंग्लंडच्या वाचकाला सेंट जॉनची मागणी धर्मवेड्या माणसाचा हट्ट वाटते, तर आमच्या बाजूच्या वाचकाला ती सर्वांत रीतसर, सर्वांत निर्धोक, घरच्या माणसांनी मान हलवून पसंत केलेली मागणी वाटते. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, देखणा, नात्यातला. त्याने तिला मरणाच्या दारातून आत घेतलेले. नाही म्हणायला तोंड कुठे आहे? आणि जेन नाही म्हणते. बहीण म्हणून, सहकारी म्हणून येते, हिंदुस्थानात मरायलाही तयार आहे; बायको म्हणून येणार नाही, कारण तुझे माझ्यावर प्रेम नाही. रॉचेस्टरला दिलेला नकार नीतीच्या बळावर देता आला, सारा समाज त्या नकाराच्या पाठीशी उभा होता. हा दुसरा नकार समाज, धर्म, कृतज्ञता आणि नाते ह्या चौघांच्याही विरुद्ध द्यावा लागला. पुस्तकाचे शिखर ते आहे. ते पोलादपुरात जितके उंच दिसते तितके लंडनमध्ये दिसत असेल, असे मला वाटत नाही.

ह्या पुस्तकाचा एक अपराध मात्र मी झाकून ठेवणार नाही. माळ्यावर कोंडलेली बर्था मेसन, जमेकाहून लग्न करून आणलेली ती स्त्री, कादंबरीत एकही वाक्य बोलत नाही. तिच्या वाट्याला जनावराची उपमा येते, आग लागते आणि ती छपरावरून खाली पडते. माणसाला माणूस म्हणा असे जे पुस्तक पानापानांतून ओरडते, त्याची माणुसकी तिसऱ्या मजल्याच्या कुलपापाशी संपते. जीन ऱ्हीस ह्या स्वतः त्या बेटांत वाढलेल्या लेखिकेने १९६६ मध्ये ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून त्या बाईला तिचा आवाज परत दिला, हे फार योग्य झाले. महाडकरांना ह्यातील दुखणे समजावून सांगायची गरज नाही: आपल्या हक्कासाठी लढणारा मनुष्य आपल्याहून एक पायरी खाली उभ्या असलेल्याला कसा विसरतो, हे आमच्या तळ्याच्या चारी काठांनी पाहिलेले आहे. जेनला मिळालेली संपत्तीसुद्धा मदीराच्या व्यापारातून आलेली, आणि त्या काकाचा हितसंबंध जमेकाच्या मेसन घराण्याशी जुळलेला. मुलींना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ अस्वस्थ होत्या, आणि ती अस्वस्थता घालवण्याचा मी प्रयत्न केला नाही.

मग परदेशी पुस्तक कशाला, आपल्या पंडिता रमाबाई काय थोड्या आहेत, असे मला काही स्नेही विचारतात. रमाबाईंचे चरित्र मुलींनी वाचलेच पाहिजे; दुष्काळात आईबाप गमावून भावाबरोबर हजारो मैल पायी फिरलेली, संस्कृत विद्येच्या बळावर उभी राहिलेली ती अनाथ मुलगी कोणत्याही कादंबरीहून मोठी आहे. परंतु ही दोन वाटांची निवड नाहीच, कारण त्या वाटा एकमेकींना मिळालेल्या आहेत. ज्या शाळेवरून शार्लटने लोवूड रंगवले, जेथे तिच्या दोन थोरल्या बहिणी आजारी पडल्या आणि घरी आणल्यावर १८२५ मध्ये वारल्या, ती कोवन ब्रिजची शाळा १८३३ मध्ये कॅस्टर्टनला हलली. १८५७ मध्ये त्याच शाळेची मुख्याध्यापिका म्हणून डोरोथिया बील आली, तेथील कारभार न पटून वर्षाच्या आतच बाहेर पडली, आणि पुढच्या वर्षी चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाची प्राचार्या झाली. ह्याच बीलबाईंच्या हाताखाली १८८४ पासून रमाबाई शिकल्या आणि तेथेच त्यांनी संस्कृतही शिकवले. तेथून अमेरिकेमार्गे परत येऊन त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. त्या सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे आमच्या कोकणची गोदूबाई. तिच्याशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, आणि तीन वर्षांनी अनाथ बालिकाश्रम उभा राहिला. एकाने दुसऱ्याला जन्म दिला असा दावा मी करीत नाही. पण लोवूडच्या करपलेल्या लापशीपासून हिंगण्याच्या झोपडीपर्यंत माणसांची ही एक सलग साखळी आहे, आणि तिचा दुवान्‌दुवा दप्तरी नोंदलेला आहे. तेव्हा हे पुस्तक परके आहे हे म्हणणे मला मान्य करता येत नाही.

शेवटचा रविवार राहिला तो वारशाच्या प्रकरणाचा. काकाचे २०,००० पौंड जेनला मिळतात, आणि ती त्यांचे चार भाग करून पाच पाच हजार आपल्या तिन्ही आतेभावंडांना देते. मी तिच्या औदार्याविषयी बोलत होते, तेवढ्यात पहिल्या दिवशी मामीविषयी विचारणारी तीच मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे हिनं हक्कसोड करून दिलं?” आजोबा वारल्यावर तिच्या आईने माहेरच्या जमिनीवरचे हक्कसोडपत्र करून दिले होते, भावांनी बोलावले, गाडीभाडे दिले, साडी नेसवली, आणि अंगठा नव्हे, सही घेतली, कारण आई सातवी शिकलेली होती. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सबंध देशाने २००५ मध्ये दिला, हे तिला शाळेत शिकवलेले होते. सातबाऱ्यावर आईचे नाव कधी लागलेच नाही, हे तिने स्वतः पाहिलेले होते.

मी तिला ते प्रकरण पुन्हा वाचायला सांगितले. सेंट जॉन आधी विरोध करतो, हे सारे तुझे आहे म्हणतो. जेन हट्ट सोडत नाही. शेवटी लवाद नेमतात, त्यांत एक जाणता वकील असतो, आणि त्यांच्या निर्णयानंतर रीतसर दस्तऐवज होतात. आधी संपत्ती जेनची ठरते, तिच्या नावावर येते, आणि मग ती आपल्या हाताने वाटते. तेही रॉचेस्टरकडे परत जाण्यापूर्वी, कारण इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे लग्न झाले की बायकोचे जंगम धन नवऱ्याचे होई, आणि ती स्थिती पालटायला १८७० व १८८२ चे कायदे यावे लागले. ती मुलगी बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसली. मग तिने माझी शिसपेन्सिल मागून घेतली, समासात काहीतरी लिहिले, आणि चारची एस. टी. चुकेल म्हणून दप्तर उचलून निघून गेली.

पुरानंतर ते पान मी सोडवले तेव्हा माझ्या शाईच्या टिपणांचा तेथे नुसता निळा डाग उरला होता. त्याच्या खाली तिचे पेन्सिलीतले अक्षर स्वच्छ वाचता येत होते: “फेरफार कोणी नोंदवला?”